कामठीतून पेडो: सेवेत राहून एमडीएस करावं की पाच वर्षांनी सुटून?

खाकी_एप्रन

नमस्कार मंडळी. बीडीएस झालंय, आर्मी डेंटल कोअरमध्ये शॉर्ट सर्व्हिसवर (ठरावीक मुदतीची फौजी नोकरी) आहे, चौथं वर्ष सुरू आहे आणि पोस्टिंग कामठीला. एमडीएस (दंतवैद्यकाची पदव्युत्तर पदवी) पेडोडोंटिक्समध्येच (लहान मुलांच्या दातांची शाखा, थोडक्यात पेडो) करायचं हे पक्कं आहे, तेव्हा 'ऑर्थो (वेडेवाकडे दात सरळ करण्याची शाखा) घे, पैसा आहे' हा सल्ला कृपया नको.

विचारायचं ते हे. सेवेतून जागा मिळवावी, की पहिली पाच वर्षं संपली की सुटून सिव्हिलमधून प्रवेश घ्यावा? दुसरं, आमच्याकडे जवानांसोबत त्यांची मुलंही येतात. प्रवेशाआधीच्या दीड-दोन वर्षांत त्यांच्यावर नेमकं कोणतं काम शिकून घ्यावं? मोठ्यांच्या दाढा काढून हात बसलाय, पण चार वर्षांचं पोट्टं खुर्चीत बसलं की सगळंच वेगळं होतं. नागपूर-वर्ध्याकडच्या कॉलेजांबद्दलही कोणी लिहिलं तर बरं.

---

रांगेत_२७वा

आधी कागद.

शॉर्ट सर्व्हिसचा हिशेब ५ + ५ + ४ असा १४ वर्षांचा. तुमचं चौथं सुरू आहे, म्हणजे पाचव्याच्या शेवटी वाढ घ्यायची की नाही हे लेखी द्यावं लागणार. तो कागद देण्याआधी एमडीएसचं वेळापत्रक समोर ठेवा. नंतर ठेवून काही उपयोग नाही.

सेवेतून जायचं असो की सुटून, नीट-एमडीएस (प्रवेश परीक्षा) चुकत नाही. २४० प्रश्न, ३ तास, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा, एकूण ९६०. भाग 'अ'मध्ये १०० प्रश्न, ते शरीररचना, शरीरक्रिया, औषधशास्त्र अशा पायाच्या विषयांचे. भाग 'ब'मध्ये १४० प्रश्न दंतशाखांचे. नोकरीत चार वर्षं गेलेला माणूस 'ब'मध्ये तग धरतो आणि 'अ'मध्ये आपटतो, कारण दातांचं काम रोज हाताखाली असतं आणि क्रेब्स सायकल नसते. अभ्यासाचा निम्म्याहून जास्त वेळ 'अ'ला द्या.

सेवेतून जाण्यात फायदा असा की पगार चालू राहतो, सेवेतल्या अधिकाऱ्यांची रांगही वेगळी असते. तोटा दोन ठिकाणी. पुढे ठरावीक वर्षं सेवा देण्याचा करार करावा लागतो. आणि विषय मनासारखा मिळेल असं नाही. फौजेची भूक आधी जबड्याच्या शस्त्रक्रियेची आणि कृत्रिम दातांची असते, लहान मुलांची नंतर. म्हणून त्या वर्षीचं पत्र आलं की पहिल्यांदा विषयांची यादी वाचा. यादीत पेडो नसेल तर बाकीचं पत्र वाचायची गरज नाही.

सुटून जायचं असेल तर रिलीजची तारीख आणि प्रवेशाची शेवटची तारीख यांचं भांडण आधी मिटवा. बहुतेकांची जागा इथेच जाते. रँक चांगली, कॉलेज मिळालं, आणि रिलीज ऑर्डर तीन महिन्यांनंतरची. ती हातात नसताना कॉलेजात हजर होता येत नाही आणि कॉलेज कोणासाठी थांबत नाही. कमिशनची (अधिकारी म्हणून रुजू झाल्याची) तारीख वर्षाच्या शेवटाकडची असेल तर पाच वर्षं पूर्ण झाल्यावर येणाऱ्या प्रवेशफेरीचंच गणित मांडा. मधले काही महिने रिकामे गेले तरी चालतील. परीक्षेला बसण्याची परवानगीही युनिटमार्फत आणि लेखी घ्या. तोंडी 'हो, बस' याला पुढे काही किंमत नसते.

काउन्सेलिंग दोन ठिकाणी चालतं. शासकीय कॉलेजांच्या ५० टक्के अखिल भारतीय जागा आणि अभिमत विद्यापीठं एमसीसीकडे (केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती), राज्याच्या जागा सीईटी सेलकडे. दोन्हीकडे वेगळी नोंदणी लागते. एमसीसीला भरलं म्हणजे सीईटी सेलला भरलं असं समजून बसणारे दरवर्षी निघतात. आरक्षणातून जाणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेअर आजच बघा. पोस्टिंगवरून येऊन ही कामं आठ दिवसांत होत नाहीत.

---

खाकी_एप्रन

कमिशनची तारीख डिसेंबरची आहे. म्हणजे नेमका तुम्ही म्हणता तोच घोळ.

---

रांगेत_२७वा

मग पाच पूर्ण करा आणि पुढच्या वर्षीच्या फेरीला बसा. मधल्या महिन्यांत 'अ' भाग वाचून होतो. आणि दंत परिषदेच्या नोंदणीचं नूतनीकरण तपासा. सेवेत असताना त्याकडे कोणी बघत नाही, आणि कागद तपासणीच्या दिवशी ती मुदत संपलेली सापडते. नोंदणी दुसऱ्या राज्याची असेल तर तिथलं ना-हरकत घेऊन ती महाराष्ट्रात आणायला वेळ जातो.

---

दुधाची_दाढ

दुसऱ्या प्रश्नाचं मी लिहिते. जरा लांब होईल.

जवानाच्या तोंडात शिकलेल्या तीन सवयी मुलाच्या तोंडात नडतात.

पहिली सवय भूल देण्याची. मोठ्यांना आपण डोळे मिटून दोन काडतुसं (भुलीच्या औषधाच्या तयार नळ्या) देतो. मुलात आधी वजन. लिग्नोकेनची (भुलीच्या औषधाची) कमाल मात्रा ४.४ मिग्रॅ प्रति किलो धरा. २ टक्के म्हणजे १ मिलीत २० मिग्रॅ. १६ किलोच्या मुलाला कमाल ७०.४ मिग्रॅ, म्हणजे साधारण ३.५ मिली. १.८ मिलीची दोन काडतुसं ३.६ होतात, म्हणजे दोन पूर्ण दिली की मर्यादा ओलांडली. कुपीतून सिरिंजमध्ये ओढत असाल तर किती मिली गेलं ते मदतनीसाला मोठ्याने सांगून लिहून ठेवायला लावा. वरून मारलेला स्प्रेही लिग्नोकेनच आहे, तोही हिशेबात धरा. आणि वजन काट्यावर करा, आईला विचारून नको. आया वजन नेहमी वाढवूनच सांगतात.

खालच्या जबड्याच्या ब्लॉकमध्ये (नसेजवळ द्यायच्या भुलीत) सुईची जागाही बदलते. लहान मुलात मॅंडिब्युलर फोरामेन (जबड्यात नस शिरते ते छिद्र) दुधाच्या दाढांच्या चावण्याच्या पातळीच्या खाली असतं, त्यामुळे सुई मोठ्यांपेक्षा थोडी खाली आणि मागे न्यावी लागते. मोठ्यांच्या उंचीवर दिली की भूल चढत नाही, मग आपण दुसरं काडतूस उघडतो आणि वरचा हिशेब बिघडतो. ओठ दोन-तीन तास बधिर राहतो. मूल तो चावून चावून टोमॅटोसारखा करतं आणि आई दुसऱ्या दिवशी 'इन्फेक्शन झालं' म्हणून घेऊन येते. खुर्चीतून उतरण्याआधी ओठ आणि दातांच्या मध्ये कापसाचा रोल ठेवा. जेवण बधिरपणा उतरल्यावरच, हे आईला सांगा, आणि मुलालाही सांगा.

दुसरी सवय गटापर्चाची (मुळांत कायमचं भरायचं रबरासारखं द्रव्य). ज्या दुधाच्या दाताखाली कायमचा दात येतोय तिथे गटापर्चा कधीच नाही. मुळं विरघळतील तसं भरलेलं द्रव्यही विरघळलं पाहिजे. झिंक ऑक्साइड युजेनॉल किंवा कॅल्शियम हायड्रॉक्साइड-आयडोफॉर्मची पेस्ट वापरा. लांबी टोकाच्या १ ते २ मिमी आधी थांबवा, खाली कायमच्या दाताचा कोंब आहे. पल्पोटॉमी (दाताचा फक्त वरचा पल्प, म्हणजे नस, काढणं) की पल्पेक्टॉमी (मुळांतलाही काढणं) हे ठरवायला भारी यंत्र लागत नाही. वरचा पल्प काढून ओला कापसाचा बोळा दाबा आणि घड्याळ बघा. पाचेक मिनिटांत रक्त थांबलं तर पल्पोटॉमी. गडद लाल वाहतच राहिलं तर मुळांतला पल्पही गेलाय, पुढे जा. बोळा कोरडा ठेवू नका. गुठळी त्याला चिकटते आणि बोळा काढताना रक्त पुन्हा सुरू होतं.

तिसरी सवय मोठ्या भरणीची. ७५ नंबरला (खालची डावी दुसरी दुधाची दाढ) दोन-तीन बाजूंची कीड असेल आणि तुम्ही जीआयसी (एक दंतसिमेंट) भरली, तर वर्षभरात ती फुटते किंवा बाजूने पुन्हा कीड लागते. तिथे स्टीलची कॅप. तुम्ही फौजेत आहात म्हणून हे जास्तच लागू आहे. मुलाच्या बापाची बदली कधी होईल सांगता येत नाही. तुमची भरणी सहा महिन्यांनी कोण बघणार, कुठे बघणार, काही ठरलेलं नसतं. उपचार निवडताना 'हे मूल पुढच्या तपासणीला माझ्याकडे येणार नाही' असं धरूनच निवडा. सिव्हिलमधल्या पेडोवाल्याला हा प्रश्न रोज पडत नाही.

---

कॉन्सर्व्हवाला

कॅप सगळ्यांनाच टाकायची तर भरणी शिकायची कशाला? एक बाजूची छोटी कीड जीआयसीने नीट राहते. कॅपचा अतिरेक होतोय हल्ली.

---

दुधाची_दाढ

एक बाजूची, वरच्या पृष्ठभागावरची छोटी कीड भराच. मी दोन-तीन बाजूंचं लिहिलंय, पल्प काढलेल्या दाढेलाही तेच लागू. त्यांना भरणी म्हणजे फक्त पुढची तारीख.

---

खाकी_एप्रन

कॅपबद्दलच विचारतो. तीन वेळा करून पाहिली, तीनदा कॅप अर्ध्यावर अडकली. साइज मोठा घेतला तर हलते.

---

दुधाची_दाढ

साइजचा दोष नाही, बाजूंना पायरी राहते. हे जवळपास प्रत्येकाचं होतं.

दाढ वरून १ ते १.५ मिमी कमी करा. मग बारीक निमुळता बर (कापायचं फिरतं टोक) दोन दाढांच्या मधून उभा न्या, शेजारच्या दाताला न लावता. आता एक्सप्लोररचं (तपासायच्या टोकदार सळईचं) टोक त्या बाजूवरून वरून खाली हिरडीपर्यंत न्या. कुठे अडलं तर तिथे पायरी आहे. टोक सुळ्ळकन खाली गेलं पाहिजे. कॅपची कडा त्या पायरीवर बसते आणि पुढे जात नाही. मग आपण मोठा साइज घेतो, तो पायरीवरून उतरतो पण खाली ढिला राहतो. गालाची आणि जिभेची बाजू जवळपास कापूच नका, कॅपची पकड त्या फुगवट्यावरच असते.

साइज २ ते ७ मिळतात. जी पहिल्यांदा घट्ट बसते ती बरोबर. खालच्या दाढेला आधी जिभेच्या बाजूने टेकवा आणि गालाकडे फिरवत दाबा, 'टक' असा आवाज येतो. हिरडी क्षणभर पांढरी पडली तर घाबरू नका. बसवून बघताना घशाशी गॉझ पसरून ठेवाच. लाळेने माखलेली स्टीलची कॅप बोटातून निसटते, आणि मूल आडवं झोपलेलं असतं. जीआयसी घट्ट होण्याआधी मधोमध गाठ मारलेला फ्लॉस दोन दाढांमधून ओढून काढा, उरलेलं सिमेंट त्या गाठीसोबत येतं. गाठ नसेल तर फ्लॉस नुसताच फिरतो.

भुलीशिवाय, न कापता बसवायची हॉल पद्धतही शिकून ठेवा, पण दाढ निवडून. रात्री न दुखणारी, हिरडीवर फोड नसलेली, आणि एक्स-रेत कीड आणि पल्प यांच्यामध्ये डेंटिनचा (दाताच्या आतल्या कठीण थराचा) पट्टा स्पष्ट दिसणारी. आधी ३ ते ५ दिवस दाढांमध्ये फट करायला रबराचे सेपरेटर. चावणं सुरुवातीला उंच राहतं आणि काही आठवड्यांत बसतं. हे आईला आधी सांगितलं नाही तर ती दुसऱ्याच दिवशी कॅप काढून मागते.

---

लाहान्या_खुर्ची

हाताचं झालं, आता तोंडाचं. पेडोत ते जास्त महत्त्वाचं आहे असं माझं मत.

'दुखणार नाही' हे वाक्य दवाखान्यातून हद्दपार करा. मूल त्यातलं फक्त 'दुखणार' ऐकतं. 'सुई', 'इंजेक्शन', 'कापायचं', 'काढायचं' हेही नको. त्याऐवजी दात झोपवायचं औषध, पाण्याची पिचकारी, दातातला किडा धुणारं कारंजं, हावरट पाईप, दाताचा फोटो. आधी सांगा, मग त्याच्या नखावर फिरवून दाखवा, मग तोंडात करा. दाखवलं त्यापेक्षा वेगळं काही केलं की विश्वास गेला. 'फक्त बघतो' म्हणून दाढ काढली तर ते मूल पुढची दहा वर्षं कोणत्याच डेंटिस्टकडे तोंड उघडत नाही.

आईबापांनाही आधी सांगून ठेवा. 'रडलास तर सर इंजेक्शन देतील हं' हे वाक्य गेटच्या आतच बंद झालं पाहिजे. गणवेशातले वडील खुर्चीशेजारी उभे राहून हुकूम सोडतात, 'तोंड उघड, सावधान!' मूल उघडतं, पण घट्ट आवळलेलं उघडतं. वडिलांना हात धरायचं काम द्या आणि बोलायचं काम स्वतःकडे ठेवा. खोलीत एकाच माणसाचा आवाज.

तीन वर्षांखालच्यांना खुर्चीत बसवूच नका. आई आणि तुम्ही समोरासमोर, गुडघ्याला गुडघे टेकवून बसा. मूल आईकडे तोंड करून तिच्या कमरेला पाय घालून बसतं, मग त्याला मागे तुमच्या मांडीवर झोपवा. डोकं तुमच्याकडे, हात आईकडे. ते रडेल, पण रडताना तोंड उघडंच असतं बाप्पा! अर्ध्या मिनिटात सगळे दात मोजून होतात.

दरवेळी फ्रँकलचा आकडा (मूल किती सहकार्य करतं त्याचा) लिहा, १ ते ४, येताना आणि जाताना. १ वर आलेलं मूल २ वर गेलं तर त्या दिवशी काम झालं समजा, एकही दात भरला नसला तरी. सकाळची वेळ द्या. दुपारी झोपेतून उठवून आणलेल्या पोट्ट्याशी वाटाघाटी होत नाहीत.

---

रांगेत_२७वा

या नोंदींवरून आठवलं. आतापासून वही ठेवा: वय, वजन, दाताचा नंबर, काय केलं, फ्रँकल, पुढे काय झालं. मुलाचं नाव लिहू नका. आणि लष्करी आवारात स्वतःच्या फोनवर पेशंटचे फोटो काढू नका. पुढे केस सादर करायची वाटत असेल तर पालकांची संमती आणि वरिष्ठांची परवानगी दोन्ही लेखी घ्या.

---

वानाडोंगरी_लोकल

कॉलेजांचं थोडक्यात. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारात आहे आणि मुलांची गर्दी भरपूर. हिंगणा रोडला दोन खासगी, एक डिगडोहला आणि एक वानाडोंगरीला. तिसरं वर्ध्याजवळ सावंगी मेघेला, ते अभिमत विद्यापीठाखाली येतं, म्हणजे एमसीसीकडून. खासगीत जाण्याआधी एक दिवस नुसतं ओपीडीत बसून बघा. पेडोच्या खुर्च्यांवर सकाळी अकराला किती मुलं आहेत ते मोजा. माहितीपत्रक वाचून हे कळत नाही. आणि मुलांना पूर्ण भूल देऊन उपचार करायला ऑपरेशन थिएटरचा दिवस आठवड्यातून मिळतो का, हे तिथल्या पीजीला (एमडीएस करणाऱ्या विद्यार्थ्याला) विचारा, ऑफिसला नको.

अभ्यासक्रम ३ वर्षांचा. पहिल्या वर्षाच्या शेवटी पायाभूत विषयांचा भाग १, बाकी शेवटी. प्रबंधाची रूपरेषा पहिल्या सहा महिन्यांत द्यावी लागते आणि हजेरी दरवर्षी ८० टक्के. फौजेतून येणाऱ्यांकडे विषय तयार असतो, पण मोठा असतो. 'कॅन्टोन्मेंटमधल्या सर्व मुलांची तपासणी' असा विषय घेऊ नका. परवानग्यांमध्येच वर्ष जातं. एक उपचार, एक तुलना, मोजता येईल असा निकाल, एवढंच.

---

कॉन्सर्व्हवाला

विदर्भाचं कोणीच बोललं नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिकडच्या जवानांची मुलं सुट्टीत गावी राहून येतात. दातावर खडूसारखे पांढरे पट्टे दिसले की कीड समजून कोरू नका. आधी विचारा, पहिली पाच-सहा वर्षं पाणी कुठलं प्यायलं. फ्लोराइडची पेस्ट सगळ्यांना सारखीच देऊ नका. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा मटारएवढी, आणि ब्रश मोठ्यांच्या हातात.

---

दुधाची_दाढ

हे बरोबर. त्याला जोडून एसडीएफ. ३८ टक्क्यांचं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड किडीवर मिनिटभर लावलं की कीड थांबते, पण ती जागा कायमची काळी पडते. काळा झालेला दात कसा दिसेल हे आधी छापील चित्रात दाखवा आणि सही घ्या. समोरच्या दातांना लावण्याआधी तर दोनदा विचारा. पल्प उघडा असेल तिथे नको. हिरडीला व्हॅसलीन लावा. तुमच्या गणवेशावर एक थेंब पडला तर तोही काळाच राहील.

सहा वर्षांच्या मुलांच्या नव्या दाढांना सीलंट (खाचा बंद करणारा लेप) हे शाळेच्या तपासणीत शिकायला सर्वांत सोपं काम. ३७ टक्के ॲसिड २० सेकंद, धुवा, वाळवा. पृष्ठभाग खडूसारखा पांढरा दिसला पाहिजे. तेवढ्यात लाळ लागली तर पुसून पुढे जाऊ नका, परत ॲसिडपासून सुरू करा. सीलंट गळतात त्याचं कारण बहुतेकदा औषध नसून ओला दात असतं.

---

खाकी_एप्रन

खूप मिळालं. डिसेंबरला सुटतो, पुढच्या फेरीला बसतो. शेवटचं एक: ७५ काढावी लागली तर बॅंड-अँड-लूप (रिकाम्या झालेल्या जागेची राखण करणारं तारेचं साधन) मी इथेच टाकावा का? मूल सात वर्षांचं, बापाची बदली तीन महिन्यांत.

---

दुधाची_दाढ

३६ (त्याच्या मागची पहिली कायमची दाढ) आलेली असेल तर टाका, नाहीतर ती पुढे सरकून ३५ ची (७५ च्या जागी येणाऱ्या कायमच्या दाढेची) जागा खाईल. ३६ अजून हिरडीखाली असेल तर लूपला मागून आधार मिळत नाही. तिथे डिस्टल शू (हिरडीच्या आत शिरणारं जागा राखायचं साधन) लागतो आणि तो प्रवेशानंतर शिकायची गोष्ट आहे. हृदयाचा जन्मजात दोष असलेल्या मुलाला तर तो द्यायचाच नाही.

पण लूप टाकून मूल बदलीवर गेलं की खरा धोका सुरू होतो. सिमेंट सुटून बॅंड हलायला लागतो आणि त्याखाली दाढ किडते. किंवा ३५ खालून वर येते आणि लूपला अडते. आईला आठवत नाही आणि नव्या स्टेशनच्या डेंटिस्टला माहीत नसतं. म्हणून जाड कागदावर एक कार्ड करून पालकांच्या हातात द्या: कोणत्या दाढेवर बॅंड, कधी बसवला, कोणत्या सिमेंटने, दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि '३५ दिसायला लागली की लगेच काढा' हे लाल पेनने. मराठीत आईसाठी, हिंदीत पुढच्या स्टेशनसाठी. ओपीडीच्या कागदाला टाचू नका, तो कागद सामान बांधतानाच हरवतो. लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवायला सांगा.